अकरा वर्षे खणलेली जमीन

मी, यशवंत दत्तोबा शिळीमकर, वय बेचाळीस, राहणार मौजे आकुर्डी, तालुका हवेली, जिल्हा पुणे, पूर्वी खडकीच्या सॅपर पलटणीत नाईक व नंतर चिंचवडच्या एका कारखान्यात फिटर, हा कागद माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हात थोडा कापतो, पण तो पोटातल्या गाठीमुळे. भीतीमुळे किंवा कोणाच्या दडपणामुळे नव्हे. डॉक्टरांनी शिमग्यापर्यंतची मुदत सांगितली आहे. आज सोमवार, तारीख १ डिसेंबर १९५८. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझी माणसे. आई आक्काबाई, वय अंदाजे सत्तर, माझ्याजवळ राहते. धाकटा भाऊ रंगराव, विभक्त, पण घर एकच, मधे भिंत. पत्नी सावित्रीबाई व मुलगी इंदू, वय सोळा, या दोघी निघोजे येथे सावित्रीचा भाऊ उद्धवराव येळवंडे याच्या घरी पंधरा वर्षांपासून राहतात. आमची सोडचिठ्ठी झालेली नाही. सावित्री आजही माझी लग्नाची बायको आहे. ती माझ्याजवळ का राहत नाही, ते पुढे येईल. तेच सांगण्यासाठी हा कागद आहे. बाकीची कलमे कायद्यासाठी.

कलम २. घर व जमीन. आमचे राहते घर, गोठा, खळे, विहीर व भोवतालचे पाऊण एकर एका नव्या कारखान्यासाठी संपादनात गेले आहे. रीतसर नोटीस आली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. १५ जानेवारीला ताबा द्यायचा आहे. त्यानंतर मोठी यंत्रे येऊन सगळे सपाट करतील. मोबदल्यातला माझा अर्धा वाटा मी सावित्रीबाईला देतो. तिने घेतला नाही तर इंदूला.

कलम ३. हत्यारे. माझी व्हाइस, पान्यांचा संच, दोन कानशी आणि मायक्रोमीटर कारखान्यातल्या माझ्या शेजारच्या मशिनवरील उमेदवारांना द्यावीत. मायक्रोमीटर तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवावा. पहार, कुदळ व दोन फावडी कोणालाही देऊ नयेत. ती मोडीत घालावीत. मला ती पुन्हा कोणाच्या हातात बघायची नाहीत, मेल्यानंतरसुद्धा.

कलम ४. मूळ प्रकरण. मी १९४१ साली पलटणीबरोबर समुद्रापार गेलो. मागे इंदूचा जन्म झाला. १९४३ च्या चैत्रात आमच्या देवघरातील चांदीचे पाच टाक आणि आईची सोन्याच्या पुतळ्यांची माळ नाहीशी झाली. आई तेव्हा चार दिवस तळेगावला बहिणीकडे गेली होती आणि देवपूजा व पेटीची किल्ली सावित्रीकडे होती. एवढ्यावरून आळ तिच्यावर आला. रंगरावाने तिची ट्रंक अंगणात ओतली, लुगडी झटकली, गाव बघत होते. ट्रंकेत काही निघाले नाही, तेव्हा तो म्हणाला, "म्हायेरला पोचतं केलं आसंल." सावित्रीने इंदूला काखेत घेतले आणि भर उन्हात चार कोस चालत, इंद्रायणी ओलांडून निघोज्याला गेली. ती परत आली नाही. मला हे पत्राने कळले तेव्हा मी वाळवंटात होतो आणि दुसऱ्याने पेरलेले सुरुंग शोधून काढत होतो.

दोन महिन्यांनी वडिलांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. १९४५ साली ते वारले. मी १९४६ मध्ये घरी आलो.

त्या वेळी मी निघोज्याला जाऊन तिथेच बिऱ्हाड करायचे ठरवले होते. वळकटी बांधली होती. आई दारात आडवी आली आणि म्हणाली, "यशवंता, तुझा बा जाईस्तवर डाव्या हातानं भुईकडं बोट करत व्हता. त्यानंच कुटंतरी पुरलंय. तवा दरोड्याची आवई उठलीवती. त्ये घावलं म्हंजी सूनबाई मानानं घरात यील." मला ते पटले. वळकटी सोडली.

कलम ५. यंत्र. १९४७ साली देहूरोडला लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावात मी सुरुंग शोधायचे एक यंत्र घेतले. असलेच यंत्र मी पाच वर्षे हाताळले होते. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, पाठीवर बॅटरीची पेटी आणि कानाला लावायचे फोन. तेव्हापासून या दिवाळीपर्यंत, शिफ्ट संपल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी, मी आमची जमीन तपासून खणली. अकरा वर्षे झाली. लोक मला 'खड्डेवाला' म्हणतात. म्हणू देत.

यंत्राने पुष्कळ दिले. बैलांचे नाल, गाडीच्या चाकांच्या लोखंडी धावेचे तुकडे, नांगराचे फाळ, खिळे इतके की दोन पोती भरली. आणि जे दिले त्याने आमच्या घराला उघडे पाडले.

१९३८ साली वडिलांचा चांदीचा करदोडा हरवला. आळ आमचा गडी भैरू याच्यावर आला. त्याला गोठ्याच्या खांबाला बांधून मारले. तो घरदार उचलून कुरुळीला गेला. १९४९ साली तो करदोडा मला विहिरीजवळच्या न्हाणीच्या दगडाखाली, वीतभर खोल चिखलात सापडला. वडील तिथे रोज अंघोळ करत. मी तसाच कुरुळीला गेलो आणि करदोडा भैरूपुढे ठेवला. त्याने तो हात न लावता वाकून बघितला. मग म्हणाला, "धाकलं मालक, ईस फटकं व्हतं. त्यातला शेवटचा तुमचा."

खरे होते. मी बावीस वर्षांचा होतो. वडिलांनी वेत माझ्या हातात दिला होता.

त्याने करदोडा घेतला नाही. "ह्यो घिऊन मी काय करू? आकुर्डीत जावा आन् सांगा." मी चावडीत जाऊन सांगितले. दोघे-तिघे हसले. एक म्हणाला, "आरं, आकरा वरसांनी कोण आठवतंय?" भैरूला आठवत होते.

पुढे १९५१ मध्ये खळ्यात आमच्या बैलाची पितळी घुंगुरमाळ निघाली. ती चोरल्याच्या आळापायी शेजारी सोपानराव यांच्याशी आमचे बोलणे-चालणे, हळदीकुंकू, विहिरीचे पाणी, सगळे पंधरा वर्षे तुटले होते. ती मी त्यांच्या घरी नेऊन दिली आणि पाया पडलो. ते वयाने वडील, त्यांनी मला उठवून चहा पाजला.

अशा रीतीने घरातल्या चोरीचा एकेक आळ जमिनीने खोटा पाडला. फक्त एक सोडून. ज्यासाठी मी खणत होतो ते सापडले नाही.

हे यंत्र मी भैरूला देतो. त्या दिवशी कुरुळीत त्याने मला पाणी दिले, पाठोपाठ येऊन वेशीत गाठले आणि विचारले, "ह्ये यंत्र चालवायला आवघड आसतंय का?" त्याच्या आजोबांचे घर जुन्या पांढरीत आहे. ओसाड पडलेली जागा, कोणाच्या मालकीचा वाद नाही. आजीने प्लेगच्या साली घर सोडताना तांब्याची भांडी अंगणात पुरली, असे तो म्हणतो. भांडी असोत वा नसोत, नवशिक्याने यंत्र कसे धरावे ते मी इथे लिहितो. त्याला वाचता येत नाही, कोणीतरी वाचून दाखवावे.

भैरू, सुरुवातीला अंगावरचे लोखंड काढ. मी स्वतः शहाणा सॅपर, पण पहिले तीन दिवस मला सगळी जमीन बोलते आहे असे वाटले. मग कळले, खिशात चुन्याची डबी होती. वहाणेचे खिळे, कंबरेचा कोयता, हातातले कडे, सगळे लांब ठेव. कानातल्या फोनमध्ये सतत गुणगुण येते. बटण फिरवून ती इतकी बारीक कर की ऐकू येते की नाही अशी शंका यावी. धातू जवळ आला की ती वाढते. चकती जमिनीपासून चार बोटे वर, सपाट. विळा फिरवताना उचलतो तशी फेऱ्याच्या टोकाला वर उचलायची नाही. तिथेच सगळे चुकतात. दोन सुतळ्या तीन फुटांवर ताणून एक पट्टा कर, तो संपव, मग दुसरा. मनाला येईल तिथे धावत जाऊ नको. आवाज आला की दोन्ही दिशांनी फिरवून मध्य गाठ आणि तिथे खुंटी मार. खणताना वरून घाव घालू नको, बाजूने माती काढत ये, नाहीतर भांडे चेपेल. सोने आहे की खिळा, हे यंत्र सांगत नाही. ते फक्त काहीतरी आहे एवढेच सांगते, बाकीचे तुझ्या मनात असते. खड्डा त्याच दिवशी बुजव. मी बुजवले नाहीत, एक म्हैस पाय मोडून गेली. बॅटरी आता मिळत नाही. टॉर्चचे सेल ओळीने कसे जोडायचे ते पेटीच्या झाकणावर मी रंगाने काढून ठेवले आहे. आणि देहूरोडच्या दारूगोळा डेपोच्या तारेच्या आसपास यंत्र कधी न्यायचे नाही. पंख असलेले किंवा भोपळ्यासारखे लोखंड दिसले तर हात न लावता मागच्या पावलांवर परत फिरायचे. माझे दोन मित्र अशा ठिकाणी पुढे गेले होते.

कलम ६. माझा गुन्हा. १९४६ मध्ये घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी निघोज्याला गेलो होतो. हे आईच्या सांगण्याआधीचे. सावित्री पाच वर्षांनी मला बघत होती. इंदू तिच्यामागे लपली होती. सावित्रीने पाय धुवायला पाणी दिले. मी पडवीत बसलो आणि जे बोलू नये ते बोललो. म्हणालो, "सावित्री, एकदाच सांग. तू नेलं नाहीस ना?"

ती आत गेली. चहा आणून ठेवला. "चा घ्या आन् ऊन व्हायच्या आत निगा," एवढेच म्हणाली.

तरीही मी तिथे राहायला जाणार होतो. वाटले, समजूत निघेल. मग आईने ते जमिनीकडच्या बोटाचे सांगितले आणि मला सोपी वाट मिळाली. माणसाची क्षमा मागण्यापेक्षा खड्डा खणणे सोपे असते. मनात एकच धरले: टाक व माळ हातात घेऊन जायचे, तिच्या ओटीत ठेवायचे, म्हणजे तो प्रश्न पुसला जाईल. निघोजे चार कोसांवर. सकाळी निघालो तर भाकरीच्या वेळेला पोचतो. अकरा वर्षांत मी सात वेळा गेलो, प्रत्येक वेळी इंदूसाठी काहीतरी घेऊन, आणि प्रत्येक वेळी पडवीतून परत आलो, कारण हात रिकामे होते.

गेल्या श्रावणात नोटीस आली आणि भाद्रपदात गाठीचे निदान झाले. मग मी माणसात राहिलो नाही. रजा टाकली. दोन तृतीयांश जमीन झाली होती, एक तृतीयांश राहिली होती, आणि दिवस बोटांवर मोजायचे. देवघराची फरशी उखडली. ओसरी खणली. पावसाने खड्डे भरले तर बादलीने उपसले. दुखणे उठले की पहार पोटाशी धरून बसायचे, ओसरले की पुन्हा. शेवटी चूल फोडून तिच्याखाली खणले. आईने अंगणात तीन दगड मांडून स्वयंपाक केला. चुलीखाली एक मोडकी सांडशी निघाली.

दिवाळीनंतर मी निघोज्याला गेलो. आजाराचे सांगितले, जमीन जाणार हेही सांगितले. आणि मग, मला लिहायला लाज वाटते, मी तिला विचारले, "तू ते टाक शेवटचे कुठे बघितलेस? नीट आठव. अजून दीड महिना आहे."

सावित्री तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवले.

"मी नेलं न्हाई ह्ये मला ठावं हाय," ती म्हणाली. "मला कशाला पायजे खणून? ज्याला ठावं न्हाई त्यो खणतोय. आकरा वरसं तुमी माज्यासाटी न्हाई खणलं. तुमाला ठावं नव्हतं म्हणून खणलं."

मी परत येताना नदीच्या काठावर बसलो आणि रडलो. नावाडी म्हणाला, "दादा, पोटात लई दुकतंय का?" मी हो म्हणालो.

घरी येऊन मी खणणे बंद केले. एक तृतीयांश जमीन तशीच आहे. तिथे चकती फिरवलेली नाही आणि फिरवणार नाही. उघडे खड्डे दोन मजूर लावून बुजवले.

कलम ७. माझे म्हणणे. टाक सापडले नाहीत. माळ सापडली नाही. माझ्याकडे कसलाही पुरावा नाही. आणि मी, यशवंत दत्तोबा शिळीमकर, असे जाहीर करतो की माझी पत्नी सावित्रीबाई हिने आमच्या घरातून काहीही नेलेले नाही. १९४३ साली नेले नाही, त्याआधी नाही, नंतर नाही. हे मी १९४६ सालीच, न विचारता, म्हणायला हवे होते. जो कोणी यापुढे अन्यथा म्हणेल त्याने राहिलेली जमीन १५ जानेवारीच्या आत स्वतः खणावी.

येथवर सोमवारी लिहिले. सही केली नाही, कारण साक्षीदार यायचे होते.

बुधवार, ३ डिसेंबर. पुढील मजकूर वेगळ्या शाईत आहे, कारण दौत संपली. पानांवर मी अनुक्रमांक घातले आहेत.

आज दुपारी आईला हा कागद वाचून दाखवला. मला तिचा अंगठा हवा होता. कायद्याला लागतो म्हणून नव्हे, तिने मानले असे दिसावे म्हणून. तिला वाचता येत नाही, ती ऐकत होती. सातवे कलम संपल्यावर मी शाईची पट्टी तिच्यापुढे सरकवली. तिने हात मागे घेतला.

"आई, अंगठा दे."

"यशवंता, भुईत काईच नव्हतं."

मला वाटले तिला भ्रम झाला आहे.

"काईच नव्हतं, बाबा," ती म्हणाली. "तुज्या बानं त्ये दिलं. फागुनात रंग्यानं शर्यतीच्या नादात गाडी हाकली, द्येवूरोडला खडी फोडनाऱ्या मान्साच्या अंगावरनं चाक गेलं. आटव्या दिशी त्यो मान्स मेला. त्याची बायकू मंजुळा, प्वाटात पोर, दारात यिऊन बसली. फौजदाराकडं जाईन म्हनली. तुज्या बानं द्येवाचं टाक आन् माजी माळ तिच्या पदरात घातली. तवा घरात दुसरं कुनी नव्हतं, पेटीची दुसरी किल्ली त्याच्याकडं व्हती, मला त्यानं मागनं सांगितलं. रंग्याला ठावं न्हाई. त्याला वाटतं त्यो मान्स वाचला आन् गप बसला."

मी विचारले, "मग सावित्री?"

"मी तळेगावास्नं आले तवा रंग्यानं गाव गोळा केलंवतं. खरं सांगितलं आसतं तर रंग्या फासावर. आन् द्येव इकला म्हनून तुज्या बाच्या तोंडावर गाव थुकलं आसतं. म्या म्हनलं, सून म्हायेरला जाईल, चार म्हयन्यांनी मागं यील."

"आणि बाबा जमिनीकडे बोट करत होते ते?"

"त्याला बाजंवर मरायचं नव्हतं. भुईवर घ्या म्हनत व्हता."

 मग विचारले, तू मला खणू का दिलेस? अकरा वर्षे. दुपारी भाकरी घेऊन तू खड्ड्याशी येत होतीस. पाणी देत होतीस. चूल फोडली तेव्हा तू बघत होतीस.

आई म्हणाली, "तू वळकटी बांदलीवती. सांगितलं आसतं तर तू निगोज्याला गेला आसतास. खणत व्हतास तवर घरात व्हतास."

माझ्या अंगात तिच्यावर ओरडायचीही ताकद नव्हती. मी बाहेर गेलो आणि न खणलेल्या जमिनीवर उताणा पडलो.

संध्याकाळी तिने आपण होऊन अंगठा दिला. तो पान सहावर, सातव्या कलमाखाली आहे.

म्हणून मी पुढील गोष्ट ठासून लिहितो. कलम सात मी सोमवारी लिहिले. आई बुधवारी बोलली. हा क्रम कोणीही, कधीही, उलटा सांगू नये.

कलम ८. आई. ती म्हणाली, "मी मेल्यावर सांग." पण मी तिच्याआधी जाणार आहे, आणि हे माझ्याबरोबर गेले तर ते पुन्हा पुरल्यासारखेच होईल. म्हणून लिहिले. तिला मी क्षमा केली आहे असे लिहिण्याचा दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा खोडले. तरी माझी आज्ञा अशी की, सुनेला जसे घराबाहेर काढले तसे आईला कोणी काढू नये. तिला रंगरावाने नव्या घरात न्यावे, दोन वेळा ऊन खायला घालावे, आणि तिचा शेवट जवळ आला की तिने न सांगता तिला भुईवर घ्यावे.

कलम ९. भाऊ रंगराव. रंगा, तुला मी शिव्या द्यायचे ठरवले होते. बारा ओळींचे कलम मनात तयार होते. आता ते लिहीत नाही. ज्या ऐवजासाठी तू माझ्या बायकोची लुगडी अंगणात झटकलीस, तो तुझ्यासाठी गेला. हे तुला आजवर कळले नाही, यात तुझा दोष नाही. लुगडी झटकलीस, तो दोष तुझा. माझ्या वाट्यातली बैलगाडी, माझे घड्याळ आणि पुढील काम मी तुला देतो. देहूरोडच्या बाजूला खडी फोडणाऱ्यांची पाले असत. मंजुळाबाई नावाची बाई, नवरा १९४३ च्या फाल्गुनात गाडीखाली गेला, त्या वेळी पोटात मूल होते. तिला शोध. ते मूल आता पंधरा वर्षांचे असेल. भेटल्यावर काय बोलायचे ते मी तुला शिकवू शकत नाही. मला स्वतःला ते जमले नाही. फक्त काही विचारू नकोस.

कलम १०. हे शेवटचे पान मी निघोज्यात, सावित्रीच्या पडवीत बसून लिहीत आहे.

शुक्रवारी सोपानरावांनी मला त्यांच्या गाडीतून इथे आणले. रस्त्याचा धक्का बसला की मी दातात पंचा धरत होतो. सावित्री दारात होती. माझ्याकडे बघून तिने पदर तोंडाला लावला, कारण दिवाळीनंतर मी फार उतरलो आहे. मी पडवीत टेकलो. कागद काढून कलम सात वाचले. मग बुधवारचे पान वाचले.

तिने कागद माझ्या हातातून घेतला. तिला अक्षर येत नाही. तिने तो इंदूकडे दिला. इंदू सातवी पास आहे.

"इंदे, ह्यात नेलं न्हाई आसं लिवलंय, त्याच्यावर तारीख कंची हाय ती वाच."

इंदूने पान उलटून बघितले. "सोमवार, एक डिसेंबर."

"आन् आत्याबाई, तुजी आजी, कवा बोलल्या?"

"बुधवारी. तीन तारखेला."

"दुसरी शाई हाय?"

"व्हय आई, दुसरी हाय."

सावित्री उंबऱ्यावर बसली. उद्धवरावांनी गोठ्यातून हाक मारली, तिने ओ दिली नाही.  मग ती उठली आणि इंदूला म्हणाली, "पडवीत बाज टाक. उशाला माजी गोधडी घे."

आज पाचवा दिवस आहे. आत ये असे ती म्हणाली नाही, मीही विचारलेले नाही. सकाळी ती पेज आणून देते. ती पोटात राहत नाही, तरी मी पितो. काल ती पायथ्याशी बसली आणि तिने वाळवंटातले दिवस कसे होते ते विचारले. सतरा वर्षांत ते मला कोणी विचारले नव्हते. मी थोडे सांगितले, मग दुखणे उठले. उरलेले सांगायला किती दिवस मिळतील ठाऊक नाही. अकरा वर्षे होती माझ्याजवळ. मी ती मातीत घातली. हे वाक्य मी रोज सकाळी उठल्यावर आधी मनात म्हणतो आणि मग डोळे उघडतो.

काल मी तिला कलम दोन सांगितले, की माझा वाटा तुझा आहे.

ती म्हणाली, "त्ये इंदीच्या नावावर करा. मला नगं."

"तुला काय देऊ मग?"

"ज्या गावासमोर माजी लुगडी झटकली, त्याच गावात ह्यो कागद मोट्यानं वाचायचा. घरात न्हाई, देवळात न्हाई. चावडीत. आन् माजं नाव घिऊन."

त्याप्रमाणे कलम दोनमधील माझा वाटा इंदूला दिला असे समजावे. माझे दहन निघोज्यात नदीकाठी करावे. सावित्रीवर कुंकू, बांगड्या, सुतक यांबाबत कोणीही कसलीही सक्ती करू नये. ती करील ते बरोबर. या मृत्युपत्राची अंमलबजावणी निघोज्याचे शाळामास्तर सयाजी बापूजी येळवंडे यांनी करावी.

आणि माझ्या तेराव्याच्या आत, दिवसा, गाव जमवून, आकुर्डीच्या चावडीत हा कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचावा. मास्तरांनी नव्हे, माझी मुलगी इंदू हिने वाचावा. उभे राहून वाचावा. कोणी मधे बोलले, हसले किंवा तिला थांबवले, तर तिने ते संपेपर्यंत गप्प राहावे आणि मग पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करावे.

माझ्या राजीखुशीने, वाचून, समजून, प्रत्येक पानावर सही केली.

यशवंत दत्तोबा शिळीमकर

आम्ही दोघांनी यशवंतराव यांना आमच्या डोळ्यांदेखत सही करताना पाहिले. ते बाजेवर उठून बसले होते. मग आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार पहिला: सोपानराव रामजी काळभोर, राहणार आकुर्डी
साक्षीदार दुसरा: उद्धवराव गेनुजी येळवंडे, राहणार निघोजे

ठिकाण: मौजे निघोजे, तालुका खेड, जिल्हा पुणे
मंगळवार, तारीख ९ डिसेंबर १९५८